सोनं तुमचं, सही तुमची

या आठवड्याचं पत्र लांब आहे. मुद्द्याचा भाग देते, ओळख पटेल असं काही वगळून:

"मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४८. मिस्टर आधी खाणीवर कामाला होते, खाण बंद पडल्यावर खाजगी कंपनीत लागले. मी घरीच असते, चवथीला आणि दिवाळीला करंज्या-चकल्यांच्या ऑर्डरी घेते. मुलगी बी.कॉम. झाली आणि आता सरकारी नोकरीचे अर्ज भरत घरी बसली आहे. आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. देवळात भजनाला भेटतात, हळदीकुंकवाला येतात. त्यांची म्हणे वर ओळख आहे. एलडीसीची, म्हणजे कनिष्ठ कारकुनाची, जागा करून देते म्हणाल्या, आठ लाख होतील. मिस्टरांनी मला न विचारता पन्नास हजार देऊनसुद्धा टाकले. आता बाकीच्या पैशांसाठी माझे दागिने बँकेत ठेवायचे आणि घराशेजारच्या जागेवर कर्ज काढायचं असं ठरलं आहे. त्या कागदावर माझी सही लागते. मी नको म्हटलं तेव्हापासून घरात अबोला आहे. सासूबाई म्हणतात, तुझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं होईल. हे म्हणतात, तुम्हा बायकांना व्यवहार कळत नाही, नळाच्या जोडणीला तू खेटे घालत बसलीस, मी एकदा गेलो आणि काम झालं. ते कसं झालं हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मला खरंच व्यवहार कळत नाही का? का आम्ही बायका भित्र्या असतो म्हणून प्रामाणिक दिसतो? मुलगी काहीच बोलत नाही. सही करू की नको? – एक आई"

ताई, नका करू सही.

हे आधी सांगून टाकते, कारण अबोला माणसाला थकवतो आणि थकलेलं माणूस कशावरही सही करतं. बाकीचं सावकाश बोलू.

पहिलं म्हणजे, जी जागा त्या बाई विकतायत ती त्यांच्याकडे आहे का? पूर्वी खात्याखात्यात भरती व्हायची आणि त्या काळी जागा कुणाच्या हातात असायच्या हे गोव्यात शेंबडं पोरही सांगेल. सकाळी सकाळी मंत्र्याच्या दारात फाईल घेऊन उभ्या राहिलेल्या आयाबाया मीही पाहिल्या आहेत, तुम्हीही पाहिल्या असतील. पण २०१९ च्या कायद्याने गोव्यात कर्मचारी निवड आयोग आला आणि कारकुनीच्या जागांसाठी आता आयोग कॉम्प्युटरवर परीक्षा घेतो. त्याने सगळा कारभार गंगेसारखा निर्मळ झाला असं मी म्हणणार नाही, तेवढी भोळी मी नाही. पण भजनाला येणाऱ्या बाईंच्या पर्समधून नेमणुकीचं पत्र कसं निघणार, हा प्रश्न पन्नास हजार मोजण्याआधी विचारायला हवा होता. आणि तो 'व्यवहार कळणाऱ्या' माणसाने विचारायला हवा होता.

२०२४ ची दिवाळी आठवा. त्या सुमारास गोव्याची वर्तमानपत्रं रोज नोकऱ्यांच्या विक्रीच्या बातम्यांनी भरून यायची. सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखांनी पैसे घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या. पकडल्या गेलेल्यांत बायका बऱ्याच होत्या. कोण दोषी ते कोर्ट ठरवील. पण जागाही नाही आणि पैसेही नाहीत अशा अवस्थेत बसलेली घरं तेव्हा साऱ्या गोव्याने पाहिली. तुमच्या मिस्टरांनी त्या बातम्या नक्की वाचल्या असणार. वाचूनही माणूस म्हणतो, ते लोक फसले कारण त्यांची बाई खोटी होती, आपली खरी आहे.

बरं, समजा तुमची बाई खरी निघाली. मग तर अधिकच वाईट. लाचेचा कायदा १९८८ चा, त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि लाच देणंही सरळ गुन्हा ठरलं. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे थेट साहेबाला दिले काय किंवा मधल्या माणसाच्या हातात ठेवले काय, हेतू सरकारी माणसाकडून काम करून घ्यायचा असला की झालं. ज्याला खरोखर भाग पाडून पैसे उकळले त्याला सूट आहे, पण त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांत किंवा तपास यंत्रणेकडे सांगायला हवं. तुमच्या घरी कुणी भाग पाडलेलं नाही, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून गेलात. शिवाय बेकायदा कामासाठी दिलेले पैसे बुडाले तर ते वसूल करून द्यायला कोर्ट सहसा उभं राहत नाही, कारण असा करारच मुळात कायद्याला मान्य नसतो. म्हणजे त्या बाईंनी उद्या 'हातउसने घेतले' असा कागद लिहून दिला तरी त्याच्या भरवशावर आठ लाख सोडू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, व्यवहार कळतो की नाही.

मी बरीच वर्षं एका सरकारी कचेरीत काढली. कुठली ते सांगत नाही, त्या खुर्च्यांवर आता दुसरी माणसं आहेत. तिथलं एक दृश्य मला आजही जसंच्या तसं दिसतं. पावसाचे दिवस. एक बाई खिडकीशी आली, पन्नाशीची असेल. हातात कापडाच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला रबर. आत मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्याच्या, घराचे कागद, झेरॉक्स भिजून एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या हातात साळदाटी केळ्यांचा फणा, घरच्या झाडाचा. तिने केळी टेबलावर ठेवली आणि कागद एकेक करून सोडवायला लागली. कारकुनाने कागदाकडे पाहिलंच नाही. विचारलं, "घरात पुरुष माणूस कोण नाही?" ती म्हणाली, मुलगा बोटीवर आहे, मार्चात येईल. "मग तो आला की पाठव." तिला वाटलं मुलाची सही लागत असेल. ती 'बरं' म्हणाली, पुन्हा पिशवीला रबर लावलं आणि गेली. तिच्या मागचा गृहस्थ पुढे आला, कारकुनाशी दोन शब्द बोलला आणि दोघे चहाच्या गाड्यावर गेले. परत आले तेव्हा त्याची फाईल वरच्या टेबलावर गेली होती. केळी दुपारपर्यंत संपली. बाईचं काम होतं तिथेच राहिलं.

ताई, तुमच्या नळाचं असंच झालं असणार. तुम्ही खेटे घालत होता तेव्हा तुमच्याशी त्या विषयावर कुणी बोललंच नसेल. उद्या या, साहेब रजेवर आहेत, हा दाखला जुना झाला, असं चालू राहिलं असेल. मिस्टर गेले आणि गाड्यावर, नाहीतर संध्याकाळी एखाद्या बारमध्ये काय ते ठरलं. ही बोलणी जिथे होतात तिथे बाईला कुणी बसवत नाही. परक्या बाईकडे पैसे मागायला कारकुनालाही अवघड जातं: ती बोंब मारील, घरी जाऊन सांगेल, कुठल्या दराने बोलावं हे कळत नाही. म्हणून तिला फक्त थांबवून ठेवतात, घरचा पुरुष येईपर्यंत. मग पुरुष म्हणतो, बघ, मी एकदा गेलो आणि झालं. तुमची अक्कल त्या खिडकीवर कमी पडली नव्हती. तुम्हाला दर सांगायलाच कुणी तयार नव्हतं.

त्यामुळे 'बायका प्रामाणिक असतात' हे वाक्य मी फारशा कौतुकाने ऐकत नाही. अभ्यासकांनीही यात बरंच डोकं घातलं आहे. जागतिक बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवलं की जिथे संसदेत बायका जास्त तिथे भ्रष्टाचार कमी. सगळीकडे टाळ्या पडल्या. दोनच वर्षांत दुसऱ्याने विचारलं, बायकांमुळे कारभार स्वच्छ होतो, की कारभार मुळात चांगला असतो तिथे बायकांना वाव मिळतो आणि लाचही कमी असते? आणि २००९ मध्ये मेलबर्न, दिल्ली, जकार्ता आणि सिंगापूर इथल्या माणसांना लाचेच्या खेळात बसवून पाहिलं, तेव्हा मेलबर्नच्या बायका पुरुषांपेक्षा लाचेला कमी राजी दिसल्या. दिल्लीत मात्र बाई आणि पुरुष यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणजे चांगुलपणा पोटातून येत नाही, आजूबाजूला काय चालतं ते बघून माणूस वागतं, बाई असो की बुवा.

यातला मला सर्वांत झोंबणारा अभ्यास मात्र आपल्याकडचा आहे. एस्थर डुफ्लो आणि पेटिया टोपालोव्हा या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये महिला राखीव पंचायतींची पाहणी मांडली. त्या गावांत पाण्याची वगैरे सोय जास्त होती, दर्जा कुठे कमी नव्हता, लोकांना लाचही कमी द्यावी लागत होती. आणि तरीही गावकरी त्या कारभारावर कमी खूश होते. आपल्या गोव्यात पंचायतीच्या एक तृतीयांश जागा बायकांना राखीव आहेत. तुमच्या गावच्या महिला पंचबद्दल लोक काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. ती पैसे खात नसेल तर म्हणतात, हिला काही कळत नाही, सगळं नवरा बघतो. हेच वाक्य तुमच्या घरात तुम्हाला ऐकवलं जातंय.

तुम्हाला व्यवहार कळतो, ताई. फक्त तो तुम्हाला दुसऱ्या टोकाकडून दिसतो. मिस्टरांना दिसतं की आठ लाख दिले की पोरगी कायम झाली, आयुष्याचा प्रश्न मिटला. तुम्हाला दिसतं की बांगड्या गेल्या, जागेवर बोजा चढला आणि दर महिन्याचा हप्ता येणार तुमच्या किराण्यातून. त्यांच्या हिशेबात तो 'खर्च' आहे, एकदाच करायचा. तुमच्या हिशेबात तो रोजचा आहे. मला विचाराल तर तुमचा हिशेब जास्त खरा आहे, कारण घर तुम्ही चालवता.

आणि डिचोलीच्या माणसाला हे मी नव्याने सांगायला नको. खाण का बंद पडली? न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला, त्यात गोव्यातलं बेकायदा खनिज उत्खनन उघड्यावर मांडलं होतं. त्याच वर्षी सगळ्या खाणी थांबल्या. मध्ये सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद. मोठ्या लोकांनी काय कमावलं ते त्यांना ठाऊक. डिचोली, सत्तरी, सांगेच्या घरांतून मात्र ट्रकचे हप्ते थकले, पगार थांबले, आणि बायकांनी चकल्या तळल्या, शिवण घेतलं, सोनं मोडून शाळेच्या फिया भरल्या. तुमच्या ऑर्डरी कधी सुरू झाल्या हो? मला अंदाज आहे. वरच्या माणसांनी खाल्लेल्या पैशाची झळ तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत एकदा पोचली आहे. तेव्हा कुणी तुमची सही घेतली नव्हती. यावेळी घ्यावी लागतेय.

त्या सहीचं सांगते, ही मोठी गोष्ट आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या, १८६७ च्या नागरी कायद्यातून आलेला नियम अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून असते, निम्मी-निम्मी. घर-जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर दुसऱ्याची संमती लागते. बँक तुमच्यावर उपकार म्हणून सही मागत नाहीये. तुमची अर्धी मालकी आहे म्हणून मागतेय. शेजारच्या राज्यांतल्या कितीतरी बायकांच्या हातात हे हत्यार नाही. आपल्या हातात आहे आणि आपण 'ह्यांनी सांगितलं तिथे सही केली' म्हणतो. मला त्याचा राग येतो, खरंच सांगते.

एक विषय तुमच्या पत्रात नाही, पण मुलगी नोकरी शोधते आहे म्हणून काढते. बाईकडे पैसे मागायला लाजणारा माणूस कधी कधी दुसरंच काही मागतो. 'एकदा येऊन भेटा', 'फोन करत जा', 'संध्याकाळी या, तेव्हा गर्दी नसते'. अशा वेळी मुलीला वाटतं की हा आपलाच काही दोष, आणि ती घरी बोलत नाही. लाचेच्या कायद्यात लाच म्हणजे केवळ पैसा नव्हे, ज्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही असा फायदाही त्यात येतो. शिवाय विनयभंगाची कलमं आहेतच. मुलीच्या कानावर हे एकदा घालून ठेवा, आणि असं काही झालं तर आईपाशी बोलता येईल एवढी वाट मोकळी ठेवा.

आता बायकांची उणी बाजू, कारण तुम्ही 'आम्ही बायका' असं लिहिलंय.

ती दलालीण बाईच आहे ना? ती कुठे भेटली? भजनात, हळदीकुंकवात. पुरुष दलाल बारमध्ये गिऱ्हाईक गाठतो, ती ओटी भरताना गाठते. बचत गट, भिशी, फुगडीचा फेर, ही सगळी बायकांच्या विश्वासाची ठिकाणं. तिथे कुणी पावती मागत नाही, मागितली तर वाईट दिसतं. नेमकं तेच भांडवल आहे तिचं. आणि तिला 'मी पैसे खाते' असं वाटतही नसेल. तिच्या लेखी ती चार पोरींचं भलं करते, मध्ये थोडं तिला सुटतं.

आपणही असंच बोलतो. लाच म्हटलं की पुढारी आठवतात. मुलाला हव्या त्या शाळेत घालायला ओळख काढली तर ते 'सांगून ठेवलं होतं'. गृह आधार या सरकारी योजनेचे दरमहा दीड हजार मिळावेत म्हणून नवरा-बायकोचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत बसवून दाखवलं तर ते 'सगळेच करतात'. आमदाराने काम करून दिलं की तो 'मदत करणारा माणूस', आणि नियमाने काम करणारा अधिकारी 'आडमुठा'. भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या २०२० च्या आशियातल्या पाहणीत भारतात सरकारी सेवा घेतलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी कामासाठी लाच दिल्याचं सांगितलं, आणि ४६ टक्क्यांनी ओळख लावल्याचं. लाचेपेक्षा वशिला पुढे! मला यात आश्चर्य काहीच वाटलं नाही. वशिल्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने असतात, नात्यागोत्याचा दोर आपल्याच हातात असतो ना. ज्या पोरीला वशिला नाही ती घरी बसते, एवढंच काय ते आपण बघत नाही. तुमची मुलगी कदाचित अशाच कुणाच्या तरी आठ लाखांमुळे आज घरी बसली असेल. उद्या तुमच्या आठ लाखांमुळे दुसरीची बसेल. सासूबाईंना 'पोरीचं वाटोळं' या विषयावर हे ऐकवून बघा, पटलं तर पटलं.

मिस्टरांशी कसं बोलायचं? भांडून नको. त्यांना लाच देण्याची हौस नाही, त्यांना भीती आहे. ज्याने आपली नोकरी एका सकाळी बंद होताना पाहिली त्याला 'सरकारी' या शब्दात केवढा आधार वाटत असेल ते मी समजू शकते. तेव्हा तत्त्वाची भाषा नका काढू, ते म्हणतील तत्त्वाने पोट भरत नाही. कागद-पेन घ्या आणि त्यांच्याच भाषेत विचारा: पैसे कुणाला पोचणार, त्याचं नाव काय? जागा कुठल्या खात्यात आहे, तिची जाहिरात आली आहे का? परीक्षा आयोगाची असेल तर मार्क कोण वाढवणार? काम नाही झालं तर पैसे कोण परत देणार, आणि नाही दिले तर आपण कुठल्या तोंडाने तक्रार करणार? कर्जाचा हप्ता किती, किती वर्षं, कुणाच्या पगारातून? एकाही प्रश्नाचं उत्तर न देता ते चिडले तर समजा त्यांनाही उत्तरं ठाऊक नाहीत. चिडू देत. सही नाहीच. दागिने कुठे आहेत ते तुम्हाला माहीत असू द्या, लॉकर असेल तर चावी स्वतःकडे.

मुलगी गप्प आहे म्हणता. तिला दोघे नसताना, ऑर्डरीचं काम करता करता विचारा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला आईचे दागिने गहाण टाकून घेतलेल्या खुर्चीवर बसायचंय की नाही, हे अजून तुमच्या घरात कुणी विचारलेलंच दिसत नाही. मला वाटतं ती गप्प आहे ती दोन्हीकडून अडकल्यामुळे. तिची तयारी मात्र थांबवू नका. आयोगाच्या जाहिराती बघत राहायला सांगा. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आत्ताच नीट करून ठेवा, मुदत संपलेली असेल तर जाहिरात आल्यावर धावपळ होते. आणि गोव्याच्या नोकऱ्यांत कोंकणी सक्तीची आहे, मराठी केवळ 'असल्यास बरी'. आपल्या मराठी घरांत यावर चहासोबत खूप चर्चा होते, परीक्षेच्या दिवशी तिचा उपयोग होत नाही. तेव्हा कोंकणी लिहिण्या-वाचण्याचा सराव हवा. बी.कॉम. आहे तर टॅली, जीएसटी शिकून एखाद्या सीएच्या ऑफिसात लागली तरी दोन वर्षांत हातात अनुभव येतो, आणि परीक्षा देत राहता येते.

नळासारखी कामं पुन्हा अडली तर मिस्टरांना पाठवण्याआधी दोन गोष्टी करून बघा. अर्ज दिला की त्याची पोच घ्याच, तारीख आणि शिक्क्यासह. तोंडी 'देऊन जा' म्हणाले तर तिथून हलू नका. गोव्यात २०१३ पासून सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा आहे, तेव्हा त्या कामाला किती दिवसांची मुदत आहे हे शांतपणे विचारा. तरी हललं नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न: माझा अर्ज अमुक तारखेपासून कुणाच्या टेबलावर किती दिवस होता? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा प्रश्न गेला की पुष्कळदा उत्तर येण्याआधी कामच होतं. शेजारणीलाही बरोबर न्या. दोन बायका खिडकीशी उभ्या राहिल्या की 'घरात पुरुष माणूस नाही का' हे विचारायची पंचाईत होते.

राहिले पन्नास हजार. ते परत येतील अशी आशा धरा, भरवसा धरू नका. त्या बाईंना फोन करू नका, घरी जाऊन रडू नका, हळदीकुंकवात चारचौघींत तर अजिबात विषय काढू नका, त्या सावध होतील. मिस्टर ज्या नंबरवरून त्यांच्याशी बोलले त्यावरचे सगळे मेसेज आणि पैसे दिल्याचा काही पुरावा असेल तर तो जपून ठेवा, एकही मेसेज पुसू नका. आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारा, कारण पैसे देणारे म्हणून तुमचे मिस्टरही कायद्याच्या कक्षेत येतात आणि तक्रार कशी, कुठे करायची यावर बरंच अवलंबून आहे. वकिलाची फी कुठून आणू म्हणाल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा. जाताना मिस्टरांना बरोबर न्या. नाही आले तर एकट्या जा, आणि वकील काय म्हणाले ते मला कळवा.